काळी माती गिळते काँक्रीटचे रसायन

सांगली, कराड किंवा साताऱ्यात पावसाळा सरून बांधकामांचा हंगाम सुरू झाला, की एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. तयार काँक्रीट घेऊन आलेला ट्रान्झिट मिक्सर इमारतीसमोर उभा राहतो. प्लांटवरून निघताना ओघवते असलेले काँक्रीट पाऊण तासाच्या प्रवासात घट्ट झालेले असते. पंपाच्या नळीत ते अडू लागते. वर स्लॅबवर मजूर खोळंबतात, ठेकेदाराची घालमेल सुरू होते. अशा वेळी मिक्सरच्या टाकीची नळी ड्रममध्ये सोडली जाते, ड्रम काही मिनिटे वेगाने फिरवला जातो आणि काँक्रीट पुन्हा वाहू लागते. काम पुढे सरकते. घरमालकाला त्यातले काही कळत नाही. कळते ते काही वर्षांनी, स्लॅबला ओल येऊ लागते, पोपडे सुटतात आणि आतील लोखंड गंजलेले दिसते तेव्हा.

या प्रसंगाचे खापर बहुधा उन्हावर, वाहतुकीच्या कोंडीवर, सिमेंटवर किंवा काँक्रीटमध्ये मिसळलेल्या रसायनावर फोडले जाते. ही कारणेही असू शकतात. परंतु अनेकदा खरे कारण वाळूच्या ढिगात दडलेले असते. दगड फोडून तयार केलेल्या वाळूत, अर्थात क्रश सँडमध्ये, मातीचा अगदी अल्प अंश शिरलेला असतो आणि तीच माती काँक्रीटला प्रवाही ठेवणारे महागडे रसायन गिळून टाकते. काळ्या मातीच्या आणि काळ्या पत्थराच्या सातारा-सांगली पट्ट्यात तर हा प्रश्न विशेष लक्ष देण्याजोगा आहे.

पाणी कमी, तरीही काँक्रीट प्रवाही

काँक्रीटचे शास्त्र थोडक्यात सांगायचे, तर ते पाण्याच्या हिशेबाचे शास्त्र आहे. सिमेंटची रासायनिक प्रक्रिया पूर्ण होण्यासाठी सिमेंटच्या वजनाच्या साधारण एक चतुर्थांश पाणी पुरते. पण तेवढ्याच पाण्यात कालवलेले काँक्रीट इतके कोरडे होते, की ते साच्यात ओतता येत नाही आणि सळ्यांच्या जाळीतून खाली उतरत नाही. म्हणून गरजेपेक्षा जास्त पाणी घालावे लागते. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि आपल्या मागे सूक्ष्म छिद्रे ठेवून जाते. छिद्रे जितकी जास्त, तितकी ताकद कमी. पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावरच काँक्रीटची ताकद ठरते, हे अमेरिकेतील डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये मांडले आणि तो नियम आजही अभियंत्यांना मार्गदर्शक ठरतो.

पाणी कमी ठेवूनही काँक्रीट वाहते कसे ठेवायचे, या पेचावरचा तोडगा म्हणजे सुपरप्लास्टिसायझर. जपानमधील काओ कंपनीचे केनिची हातोरी यांनी १९६० च्या दशकात नॅप्थेलिनपासून असे रसायन तयार केले. त्याच सुमारास तत्कालीन पश्चिम जर्मनीत मेलामाइनवर आधारित रसायन आले. पुढे १९८१ मध्ये जपानच्याच निप्पॉन शोकुबाई कंपनीच्या त्सुयोशी हिराता यांनी नव्या पिढीच्या रसायनासाठी पेटंटचा अर्ज केला. हे रसायन म्हणजे पॉलिकार्बोक्झिलेट ईथर. बांधकाम क्षेत्रात ते 'पीसीई' या नावाने ओळखले जाते. नॅप्थेलिनच्या रसायनाने पाण्यात साधारण १५ ते २५ टक्के बचत होते. पीसीईने ती ३० टक्क्यांच्याही पुढे जाऊ शकते. उंच इमारती, उड्डाणपूल, बोगदे आणि पंपाने चढवले जाणारे काँक्रीट यांत पीसीईचा वापर वाढण्याचे कारण हेच.

फणीसारखा रेणू

पीसीईचे कार्य समजून घेतले, की मातीचे उपद्रवमूल्यही कळते. सिमेंट पाण्यात पडताच त्याच्या कणांचे पुंजके होतात. कणांच्या पृष्ठभागावर कोठे धन, तर कोठे ऋण विद्युतभार असतो आणि विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. या पुंजक्यांच्या पोटात बरेचसे पाणी अडकून पडते व ते प्रवाहीपणाच्या कामी येत नाही.

पीसीईचा रेणू साधारणतः फणीसारखा असतो. फणीच्या कण्यावर ऋणभार असतो, त्यामुळे तो सिमेंटकणाच्या धनभारित जागांना चिकटतो. फणीचे दात म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या लांब शृंखला. त्या बाहेरच्या पाण्यात पसरलेल्या राहतात. असे दात पसरलेले दोन कण जवळ आले, की दात एकमेकांत शिरू शकत नाहीत आणि कण परस्परांपासून दूरच राहतात. पुंजके मोडतात, अडकलेले पाणी मोकळे होते आणि पाण्याचा थेंबही न वाढवता काँक्रीट पातळ होते.

या व्यवस्थेची एक अट आहे. रसायन सिमेंटपर्यंत पोचले पाहिजे. त्याचे प्रमाण मुळातच अत्यल्प असते. वाटेत दुसऱ्या कोणी ते हिरावून घेतले, तर सिमेंटच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

पोथीची पाने आणि अडकलेले दात

हिरावून घेणारी ही माती म्हणजे सरसकट कोणतीही माती नव्हे. चिकणमातीचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी स्मेक्टाइट कुळातील, विशेषतः मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज या बाबतीत सर्वांत घातक ठरते. त्याची रचना पोथीच्या सुट्या पानांच्या चळतीसारखी असते. प्रत्येक पान जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतके जाड. पाने एकमेकांना घट्ट बांधलेली नसतात. त्यांच्यामधील फटींत पाणी शिरते आणि चळत फुगते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पहिल्या पावसानंतर फुगून त्या मिटवणारी काळी जमीन प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेली असते. ती किमया याच खनिजाची.

पाण्यासाठी उघडणाऱ्या याच फटींत पीसीईच्या फणीचे दात शिरतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील योहान प्लँक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साह्याने हे दाखवून दिले. पीसीईच्या संपर्कात आलेल्या मॉन्टमोरिलोनाइटच्या थरांमधील अंतर सुमारे १.२ नॅनोमीटरवरून जवळपास १.८ नॅनोमीटरपर्यंत वाढलेले आढळले. शृंखला पानांच्या मध्ये अडकून बसल्या होत्या. एकदा आत गेलेले रसायन सिमेंटच्या कामातून कायमचे बाद होते. केओलिनाइट किंवा अभ्रक यांसारख्या खनिजांच्या बाबतीत असा प्रकार फारसा घडत नाही. त्यांच्या पानांमध्ये शिरण्यास वावच नसतो. ती रसायन शोषतात, पण केवळ वरच्या पृष्ठभागावर आणि तुलनेने पुष्कळ कमी.

जुन्या नॅप्थेलिन रसायनाला लांब दात नसल्याने मातीचा उपसर्ग त्याला कमी होतो. म्हणूनच जुन्या रसायनावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली वाळू नव्या रसायनाबरोबर अचानक त्रास देऊ लागते. दोष नव्या रसायनाचा असल्याचा समज होतो. वाळू मात्र तीच असते.

एक टक्का मातीचा हिशेब

हा उपद्रव किती मोठा, हे एका ढोबळ हिशेबावरून कळेल. एक घनमीटर काँक्रीटमध्ये ४०० किलो सिमेंट आणि ७५० किलो वाळू आहे, असे धरू. सिमेंटच्या वजनाच्या ०.८ टक्के, म्हणजे ३.२ किलो द्रवरूप रसायन घातले. त्यातील बहुतांश भाग पाणीच असते. प्रत्यक्ष कामाचे पीसीई साधारण एक ते सव्वा किलो भरेल. आता वाळूत अवघा एक टक्का मॉन्टमोरिलोनाइट असेल, तर ते ७.५ किलो झाले. या मातीने आपल्या वजनाच्या केवळ दहाव्या हिश्शाइतके पीसीई शोषले, तरी ७५० ग्रॅम रसायन गेले. सिमेंटसाठी उरले निम्म्याहूनही कमी.

पृष्ठफळाची तुलना आणखी बोलकी आहे. सिमेंटच्या एका किलोचे पृष्ठफळ साधारणतः ३५० चौरस मीटर असते. म्हणजे ४०० किलो सिमेंटचे १ लाख ४० हजार चौरस मीटर. मॉन्टमोरिलोनाइटच्या एकाच ग्रॅमचे, पानांमधील पृष्ठभाग धरून, सुमारे ७०० चौरस मीटर असते. त्या हिशेबाने ७.५ किलो मातीचे पृष्ठफळ ५० लाख चौरस मीटरच्या पुढे जाते. वजनाने सिमेंटच्या पासंगालाही न पुरणारी माती पृष्ठफळात त्याच्या पस्तीस पटींहून मोठी ठरते.

परिणामी प्लांटवर मोजलेला प्रवाहीपणा साइटवर पोचेपर्यंत नाहीसा होतो. तेथे पाणी ओतले गेले, तर तोटा दुहेरी. वरील उदाहरणात १६० लिटर पाणी असेल, तर पाणी व सिमेंटचे प्रमाण ०.४० होते. सहा घनमीटरच्या मिक्सरमध्ये १२० लिटर पाणी वाढले, की दर घनमीटरला २० लिटर वाढतात आणि प्रमाण ०.४५ वर जाते. यातून ताकदीत दहा ते पंधरा टक्क्यांची घट संभवते. शिवाय पाणी आत झिरपण्यास वाट मिळते आणि सळ्या गंजण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण बाळगणाऱ्या या प्रदेशात खांब आणि तुळयांमधील ताकद अशी नळीच्या पाण्यात वाहून जाणे परवडणारे नाही.

एकाच दगडाची दोन रूपे

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे दख्खनच्या बेसाल्टवर वसलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्हारसाचा हा काळा पत्थर. ताजा, अखंड बेसाल्ट काँक्रीटसाठी उत्तम दगड मानला जातो. परंतु हाच दगड ऊन-पावसात कुजत गेला, की त्याचा आधी मुरूम होतो आणि नंतर काळी माती. कोरड्या व मध्यम पावसाच्या हवेत बेसाल्टपासून बनणाऱ्या काळ्या मातीत स्मेक्टाइटचे प्राबल्य असते. कराड, वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या तालुक्यांतील उसाची खोल काळी जमीन ती हीच.

जिल्ह्याच्या पश्चिमेला चित्र बदलते. महाबळेश्वर आणि पाचगणीच्या पठारांवर अतिवृष्टीमुळे बेसाल्टचा जांभा झाला आहे. तेथील तांबड्या मातीत केओलिनाइट, लोह व अॅल्युमिनियमची खनिजे अधिक. ही माती काँक्रीटला हितकारक नव्हेच. पण ती पानांसारखी उघडत नाही, त्यामुळे रसायन गिळण्याची तिची क्षमता बरीच कमी असते. पाचगणीची तांबडी माती आणि मिरजेची काळी माती सारख्याच प्रमाणात वाळूत मिसळली, तरी परिणाम सारखा होणार नाही.

खाणीतल्या दगडातही सर्वच थर सारखे नसतात. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातकट दगडाचा पट्टा आढळतो. रंग तांबडा असला, तरी त्यात फुगणारी चिकणमाती असू शकते. काही थरांतील दगड सच्छिद्र असतो आणि त्याच्या छिद्रांत व भेगांत नंतर तयार झालेली खनिजे साठलेली असतात. खाणीच्या तोंडाशी वर माती, त्याखाली मुरूम आणि मग काळा कातळ असा क्रम असतो. वरचे आवरण नीट न काढता सुरुंग उडवले, किंवा पावसाळ्यात वरची माती ओघळून दगडावर बसली, की ती खडीबरोबर क्रशरमध्ये जाते. मोठ्या खडीवरचा लेप निदान डोळ्यांना दिसतो. भरडल्यानंतर मात्र सारी माती बारीक मालात, म्हणजेच वाळूत उतरते.

घर बांधताना काळी माती पूर्ण उकरून मुरूम लागेपर्यंत पाया खोदण्याची दक्षता या भागातील प्रत्येक गवंडी घेतो. पायातून हद्दपार केलेली तीच माती वाळूच्या वाटेने घरात शिरते, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

नदीकडून खाणीकडे

एकेकाळी या भागातील बांधकामे कृष्णा, वारणा, येरळा आणि माणगंगेच्या वाळूवर होत. वाळूचे मोल किती, हे येरळाकाठच्या खानापूर तालुक्यातील गावकऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. नदीतील थोडी वाळू विकून आलेल्या पैशातून त्यांनी बळीराजा धरण उभे केले. बेसुमार उपशाने नदी कोरडी पडते आणि विहिरींचे पाणी आटते, हा अनुभव त्यामागे होता.

पुढे उपशावर निर्बंध वाढत गेले. लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दिला. राज्य शासनाने २०२३ मध्ये शासकीय डेपोतून वाळूविक्रीचे धोरण आणले, तर मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूच्या धोरणाला मंजुरी देऊन शासकीय बांधकामांत तिच्या वापरावर भर दिला. नद्यांच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्हच आहे. मात्र नदी वाळूला वर्षानुवर्षे धूत असते. खाणीत हे काम माणसाला करावे लागते.

पंधरा टक्क्यांचा अर्थ

वाळूतील धुळीवर निर्बंध नाहीत, असे नव्हे. खडी व वाळूसाठीच्या 'आयएस ३८३' या भारतीय मानकात ७५ मायक्रॉनहून बारीक कणांची मर्यादा ठरवून दिली आहे. नैसर्गिक वाळूत ती ३ टक्के, तर दगड फोडून केलेल्या वाळूत १५ टक्के आहे. पहिल्या नजरेत हा भेदभाव वाटेल; पण त्यामागे तर्क आहे. नदीच्या वाळूतील बारीक कण म्हणजे बहुधा गाळ आणि माती. क्रशरमधील बारीक कण म्हणजे प्रामुख्याने दगडाचीच पूड. शुद्ध बेसाल्टची पूड योग्य प्रमाणात असली, तर ती पोकळ्या भरून काढते, काँक्रीट चिवट राहण्यास मदत करते आणि रसायन फारसे शोषत नाही.

अडचण अशी, की चाळणी आणि वजनकाटा पूड व माती यांत फरक करीत नाहीत. एका ढिगात १२ टक्के बारीक कण आहेत आणि ते सर्व दगडाची पूड आहेत. दुसऱ्यात ६ टक्केच आहेत, पण त्यांतील दोन टक्के फुगणारी माती आहे. कागदावर दोन्ही ढीग मर्यादेत बसतात, किंबहुना दुसरा अधिक स्वच्छ वाटतो. काँक्रीटमध्ये मात्र पहिला निभावून जाईल आणि दुसरा घात करील.

डोळ्यांनी पाहूनही उलगडा होत नाही. बेसाल्टची पूड काळसर करडी आणि त्याच बेसाल्टपासून झालेली मातीही काळसर. वाळू मुठीत घेऊन चोळायची आणि तळहाताला माती चिकटली तर ढीग परत पाठवायचा, ही जुन्या गवंड्यांची परीक्षा नदीच्या वाळूसाठी अचूक होती. क्रश सँड मुठीत घेतली, तर तळहात प्रत्येक वेळी काळा होतो. तो पुडीने झाला की मातीने, हे हात सांगू शकत नाही.

निळ्या रंगाची साक्ष

हा फरक सांगू शकणारी चाचणी मात्र उपलब्ध आहे आणि ती साधी आहे. मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग फुगणाऱ्या मातीत मोठ्या प्रमाणावर शोषला जातो. दगडाच्या पुडीला त्याची फारशी ओढ नसते. वाळूचा ठरावीक नमुना पाण्यात घुसळून त्यात या रंगाचे द्रावण थोडे-थोडे घालतात आणि दर वेळी मिश्रणाचा एक थेंब गाळणकागदावर टाकतात. माती रंग शोषत असेतोवर डागाभोवती स्वच्छ पाण्याचे कडे दिसते. तिची भूक भागली, की कड्यावर फिकट निळी प्रभा उमटते व ती टिकून राहते. तोवर किती रंग लागला, यावरून मातीची शोषणक्षमता मोजली जाते. युरोपात खडी-वाळूच्या तपासणीसाठी या चाचणीचे स्वतंत्र मानक आहे.

चाचणीला महागडी यंत्रे लागत नाहीत. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून या भागात स्थापत्य अभियंते घडवीत आहेत. अशा संस्थांच्याच नव्हे, तर एखाद्या मध्यम आकाराच्या काँक्रीट प्लांटच्या प्रयोगशाळेलाही ही चाचणी अवघड नाही. महत्त्व आहे ते सातत्याला. खाणीचा थर बदलला, पाऊस पडला, नवा पुरवठादार आला, की चाचणी पुन्हा व्हावयास हवी.

उपाय कोणते?

पहिला व सर्वांत स्वस्त उपाय खाणीतच आहे. वरची माती व मुरूम दगड फोडण्याआधी पूर्ण हटविणे, मातकट पट्टे वेगळे काढणे आणि क्रशरमध्ये जाण्यापूर्वी दगड चाळून माती झाडून टाकणे, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

दुसरा उपाय धुण्याचा. धुतलेल्या क्रश सँडला मागणी आहे ती यामुळेच. पण धुण्यास पाणी मुबलक लागते आणि माण, खटाव, आटपाडी, जत यांसारख्या टंचाईग्रस्त तालुक्यांत ते सहज मिळत नाही. म्हणून तेच पाणी निवळून पुन्हा वापरले जाते. ते नीट निवळले नाही, तर माती वाळूवर परत बसते. पाणी लवकर निवळावे म्हणून घातलेली रसायने वाळूत उरली, तर तीही पीसीईच्या कामात अडथळा आणतात. शिवाय धुताना उपयुक्त दगडी पूडही वाहून जाते आणि उरलेल्या चिखलाची विल्हेवाट लावावी लागते. तो ओढ्यात सोडणे म्हणजे एका नदीला वाचविण्यासाठी दुसरीला बुजविणे होय.

तिसरा उपाय रसायनशास्त्राचा. काही ठिकाणी मातीची भूक भागविण्यासाठी आधी एखादे स्वस्त द्रव्य देतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखे हे द्रव्य पानांमधील जागा अडवून बसते आणि मागून आलेले पीसीई सिमेंटसाठी मोकळे राहते. लांब दात नसलेले, मातीला दाद न देणारे पीसीई तयार करण्याचे संशोधनही म्युनिकमध्ये झाले आहे. साध्या कामांत नॅप्थेलिनच्या रसायनाकडे परतणे हाही व्यवहार्य मार्ग आहे. मात्र त्यात पाण्याची बचत कमी होते आणि लांबच्या वाहतुकीत प्रवाहीपणा टिकवणे कठीण जाते.

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे पीसीईची मात्रा वाढविणे. खर्च वाढतो, एवढाच त्याचा तोटा असता तर हरकत नव्हती. खरा धोका वाळूच्या चंचलपणात आहे. सकाळच्या मातकट वाळूसाठी वाढविलेली मात्रा दुपारच्या स्वच्छ वाळूला जास्त होते. मग काँक्रीटमधील खडी तळाशी बसते, पाणी वर येते आणि काँक्रीट घट्ट होण्यास विलंब लागतो. म्हणजे मातीचे प्रमाण जास्त असण्याइतकेच ते रोज बदलत राहणेही अपायकारक ठरते.

घरमालकाच्या हाती काय?

मिथिलीन ब्लूची चाचणी घरमालकाने स्वतः करणे अपेक्षित नाही. तिचा अहवाल मागणे मात्र त्याच्या हाती आहे. तयार काँक्रीट घेताना प्लांटकडे वाळूच्या तपासणीची विचारणा करावी आणि बारीक कणांच्या टक्केवारीवर समाधान मानू नये. नदीची वाळू वापरणार असल्यास काचेच्या सरळ बाटलीत वाळू व मिठाचे पाणी घालून हलवून ठेवावे. काही तासांनी वाळूवर गाळाचा थर बसतो. तो वाळूच्या सहा ते आठ टक्क्यांहून जाड असेल, तर ती वाळू धुतल्याशिवाय घेऊ नये. क्रश सँडच्या बाबतीत ही बाटली पूड आणि माती यांतला फरक सांगत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

स्लॅबच्या दिवशी प्रत्येक मिक्सरचे काँक्रीट ओतण्यापूर्वी शंकूच्या साच्याने त्याचा स्लम्प मोजला जावा. ३०० मिलिमीटर उंचीचा हा साचा उचलल्यावर काँक्रीट किती खचते, यावरून त्याची प्रवाहीता कळते. ती अपुरी भरली, तर प्लांटच्या तंत्रज्ञाने मोजून रसायन वाढवावे किंवा मिक्सर परत न्यावा. टाकीचे पाणी ड्रममध्ये सोडू देऊ नये. १५० मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे त्याच काँक्रीटमधून भरून घ्यावेत आणि सात व अठ्ठावीस दिवसांनी त्यांची ताकद तपासून घ्यावी. ठोकळे भरल्यानंतर पाणी ओतले गेले, तर अहवाल उत्तम येतो आणि स्लॅब कमकुवत राहतो. म्हणून ठोकळे केव्हा भरले, हेही पाहावे.

क्रश सँड आता या भागातून जाणार नाही आणि जाऊही नये. नद्या अधिक उपसा सोसण्याच्या अवस्थेत नाहीत. तेव्हा वाळूतील धूळ किती, एवढेच न पाहता ती धूळ कशाची, हे विचारण्याची सवय खाणमालक, प्लांटचालक, ठेकेदार आणि शासकीय अभियंते यांना लागणे गरजेचे आहे. कृत्रिम वाळूचा वापर वाढविणाऱ्या धोरणाबरोबर तिच्या मातीची तपासणीही प्रत्येक खाणीवर नियमित झाली, तर साइटवर पाण्याची नळी ड्रममध्ये सोडण्याची वेळ पुष्कळ वेळा टळू शकेल.